पगारी चोंबडेपणा

मला आयुष्यातली शेवटची नोकरी मिळाली ती माझ्या एका दुर्गुणावर. दुसऱ्याचं वाचायला मला फार आवडतं. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मोबाईलवर काय चाललंय, जिन्यात पडलेलं पाकीट कुणाच्या नावाचं आहे, मंडईत कोथिंबीर ज्या कागदात गुंडाळून दिली त्यावरची अर्धी बातमी काय होती, मला काहीही चालतं. आमचे हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझ्यावर देखरेख ठेवतात. त्यांचं म्हणणं असं, की सदाशिव पेठेत हा गुण घरटी एकाला असतोच, पण त्याचा पगार घेणारी मी पहिलीच.

त्याआधी मी पेठेतल्याच एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. मालकांच्या मुलाने छापखाना मोडला आणि त्या जागेत अभ्यासिका काढली. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे टेबल भाड्याने घेऊन दिवसभर वाचत बसतात. म्हणजे वाचन चालू राहिलं, फक्त मी बाहेर पडले. मग कुणीतरी सांगितलं, की खराडीला एका कंपनीत चांगलं मराठी येणारी माणसं हवी आहेत. मुलाखत घेणारी मुलगी माझ्या चष्म्याच्या फ्रेमपेक्षा वयाने लहान असावी. तिने विचारलं, "मॅम, शिव्या कितपत येतात?" मी म्हटलं, "देता येत नाहीत, पण कळतात सगळ्या." तिने लगेच काहीतरी टाईप केलं आणि मला नोकरी लागली.

ही कंपनी म्हणजे मूळ कंपनीची कंत्राटदार. मूळ कंपनी सातासमुद्रापार. लोक जिथे फोटो टाकतात, मतं मांडतात आणि भांडतात ती. नाव सांगणार नाही अशी सही मी करून दिली आहे. तुमच्या मोबाईलमध्ये ती असणार, एवढं समजून घ्या. पुढे जी माणसं येतील त्यांच्या खाणाखुणाही मी बदलल्या आहेत. चोंबडेपणालाही काही शिस्त असते.

काम सांगायला सोपं. कुणीतरी काहीतरी लिहितो, दुसऱ्याला ते खुपतं, तो खालचं 'तक्रार करा' हे बटण दाबतो. ती तक्रार आमच्या पडद्यावर येते. लिहिणाऱ्याचं आणि तक्रार करणाऱ्याचं नाव राखाडी पट्टीखाली झाकलेलं असतं. आम्ही मजकूर वाचायचा आणि ठरवायचं, की हे राहू द्यायचं, काढून टाकायचं की वरच्या लोकांकडे पाठवायचं. पलीकडच्या माणसाशी बोलायचं नाही, त्याला शोधायचं नाही, घरी जाऊन कुणाला सांगायचं नाही. या तिसऱ्या अटीचा मला सर्वांत जास्त त्रास झाला.

आमच्याआधी यंत्र वाचत असे, पण यंत्राचं मराठी बेताचं. एका आईने मुलाच्या फोटोखाली लिहिलं, 'मेल्या, किती वाळलास!' यंत्राने ती जिवे मारण्याची धमकी धरली. एका काकूंनी कुठल्याशा मिसळीबद्दल लिहिलं, 'मालकाला चुलीत घाला.' त्याला यंत्राने जाळपोळीत टाकलं. मी दिवसभर अशी निष्पाप माणसं सोडवत बसत असे.

उलटही होई. कसब्यातल्या एका गृहस्थांनी शेजाऱ्याच्या कुंड्यांबद्दल जाहीर लिहिलं होतं, 'आपण सुशिक्षित आहात असं ऐकून होतो. माहिती चुकीची निघाली. क्षमस्व.' शेजाऱ्याने तक्रार केली आणि कारणांच्या यादीतून सरळ 'दहशतवाद' निवडलं. आमच्या गोऱ्या साहेबाला भाषांतर दाखवलं तर तो म्हणाला, यात तर माफी मागितली आहे. हा अपमान कसा होतो हे मला त्याला व्हिडिओ कॉलवर समजावून सांगावं लागलं. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, की तुमच्या शहरात राहणं कठीण असावं. मी म्हटलं, सवय होते.

हे झाले गमतीचे दिवस. बाकीच्या दिवसांत काय वाचलं ते इथे लिहिणार नाही. माणसं माणसांना, विशेषतः बायकांना, जे लिहितात ते वाचून घरी आल्यावर आंघोळ करावीशी वाटायची. मी काढून टाके, ते पुन्हा लिहीत, मी पुन्हा काढून टाके. मला या कामाचा अभिमान होता आणि किळसही होती, आणि पगाराच्या दिवशी दोन्ही सारखंच जमा होई.

मग एके दिवशी कॅन्टीनमधल्या मोठ्या पडद्यावर मूळ कंपनीचे धनी आले. आम्ही पोहे खात उभे होतो. ते म्हणाले, की आजवर आपण गावाचा चौक बांधला, आता आपल्याला घराची बैठक बांधायची आहे. लोकांना चारचौघांत बोलायचं नाही, आपल्या माणसांशी खासगी बोलायचं आहे. तेव्हा यापुढे दोघांतले संदेश असे कुलूपबंद होतील, की ते कंपनीलासुद्धा वाचता येणार नाहीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि मग लक्षात आलं, की मी स्वतःच्याच तेराव्याला टाळ्या वाजवते आहे.

घरी सांगितलं, की आमचं काम आता कमी होणार, लोकांचं खासगी खासगीच राहणार. एवढं सांगायला बंदी नव्हती. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे तुझ्यासारख्यांपासून जनतेचं संरक्षण होणार. उशीर झाला, पण चांगलं झालं."

मला राग आला, पण मनातून पटलंही. मी माझ्या बहिणीला यांच्याबद्दल जे लिहिते ते खराडीतल्या कुणी वाचलेलं मला चाललं नसतं.

नव्या व्यवस्थेत एकच फट होती. दोघांच्या बोलण्याचं कुलूप त्या दोघांनाच उघडता येई. त्यांतल्या एकाने 'तक्रार करा' दाबलं, तरच त्या बोलण्यातले शेवटचे काही संदेश आमच्याकडे येत. सोबत एक चौकोन असे, त्यात तक्रारदाराला हवं तर चार ओळी लिहिता येत. बहुतेक जण तो रिकामाच ठेवत. लोक चौक सोडून बैठकीत बोलू लागले, तसा कामाचा ओघ आटत गेला. आमच्या मराठी विभागातली टेबलं एकेक करत रिकामी झाली. शेवटी मी, दोन-चार मुलं आणि आमचा टीम लीड निखिल एवढेच उरलो. निखिल वर्ध्याकडचा. पुण्यात अधिकारी व्हायला आला होता, काही वर्षं सदाशिव पेठेत खोली करून परीक्षा दिल्या, मग हात टेकले आणि इकडे लागला. वागायला सरळ, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकणारा नव्हे.

त्याच सुमाराला ती आई आली.

पहिली तक्रार 'छळ' या कारणाखाली होती. संदेश उघडले. वरचे सगळे तक्रारदाराचे, प्रत्येकाची सुरुवात पत्रासारखी. 'चि. अमुक यास आईचे अनेक आशीर्वाद.' अमुकच्या जागी राखाडी पट्टी. 'तू जेवला का. मेसचं बरं मिळते का. अभ्यासिकेत पंखा हाये का. काऊन बोलत नाही बाप्पा.' आणि खाली त्या अमुकची उत्तरं. 'हो.' 'हम्म.' 'बघतो.' 'नंतर बोलतो आई.' मी छळ शोधला. दोन्ही बाजूंनी शोधला. मग तळचा चौकोन वाचला. त्यात लिहिलं होतं, 'साहेब, माह्या पोराले समजावून सांगा. आईशी नीट बोलत जा म्हणा.'

त्या माउलीने 'तक्रार करा' या शब्दांवर विश्वास ठेवला होता. मोबाईलच्या वर कुठेतरी मोठे साहेब बसले आहेत, त्यांना सांगितलं की ते पोराचा कान धरतील, असा तिचा हिशोब. ते साहेब म्हणजे मी.

विभागात सगळे हसले. मीही हसले. आमच्याकडे तिच्यासाठी एकच बटण होतं, 'नियमभंग नाही'. ते दाबलं, की तक्रारदाराला आपोआप उत्तर जाई, की आम्ही तपासलं, काही गैर आढळलं नाही, तरीही त्रास होत असेल तर आपण या व्यक्तीला ब्लॉक करू शकता. म्हणजे एका आईला मी पोटच्या मुलाला ब्लॉक करण्याचा सल्ला दिला. तिने तो मनावर घेतला नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा तक्रार आली. नाव झाकलेलं असलं तरी 'अनेक आशीर्वाद' लिहून 'छळ' निवडणारी दुसरी कोण असणार? 'साहेब, तुमचं उत्तर भेटलं. पण तो अजून बोलत नाही. जरा जोरात सांगा.'

तक्रारी कुणाच्याही वाट्याला जात, पण तिच्या आल्या की मुलं माझ्याकडे वळवू लागली. तुमची आई आली मॅडम, असं म्हणत. तिच्या संदेशांतून मला सगळं कळलं. मुलगा पुण्यात परीक्षांसाठी आला आहे, खोलीत आणखी एक जण आहे, वडील नाहीत, तिला रक्तदाब आहे, गोळ्या तालुक्याहून आणाव्या लागतात. आणि खोली आमच्याच पेठेत आहे. ते कळल्यापासून मला वेड लागायचं बाकी राहिलं. चहाच्या टपरीवर पाठीला बॅगा लावून उभी राहिलेली ती मुलं मी इतकी वर्षं वाटेतला अडथळा म्हणून पाहत होते. आता प्रत्येकाच्या तोंडाकडे बघू लागले. एकदा न राहवून एकाला विचारलं, "काय रे, जेवलास का?" तो म्हणाला, "काकू, मेस लावलेली आहे, थँक्यू." त्याला वाटलं मी डब्याची जाहिरात करते आहे. हे शेजारीच होते. म्हणाले, "आता डबेही करणार का? घरातल्याला आधी विचार."

मग निकाल लागला. मला तो आईच्या संदेशावरून कळला. 'निकालाचं मनावर घेऊ नको. पुढच्या वर्षी होईल. घरी ये, चार दिवस राहा.' उत्तर नव्हतं. पुन्हा संदेश, पुन्हा उत्तर नाही. ती तक्रार मी बंद केली आणि मला दिवसभर चैन पडलं नाही.

त्यानंतरची तक्रार एका दुपारी आली. यंत्राने आधीच शेजारी शेरा मारून ठेवला होता, की धोका नाही, मजकूर कौटुंबिक आहे. उघडून पाहते तर पहिल्यांदाच मुलाने सविस्तर लिहिलं होतं. मला बरं वाटलं. मग वाचलं.

'आई, तू म्हणतेस ना नीट लिहीत जा. सगळी पुस्तकं आणि नोट्स रूममेटला देऊन टाकल्या, त्याच्या कामी येतील. सायकल पण त्यालाच. तुझ्या गोळ्यांचं मामाला सांगून ठेवलंय, तो दर महिन्याला आणून देईल, तू चुकवू नको. माझ्यामुळे तुला लई त्रास झाला. तू काही कमी केलं नाहीस. आता माझी वाट पाहू नको.'

आणि चौकोनात तिने लिहिलं होतं, 'साहेब, एवढं गोड लिहिते पण फोन उचलत नाही. मले भेव वाटते. त्याले घरी पाठवा.'

मी निखिलला हाक मारली. त्याने उभ्या उभ्या वाचलं. जिवाला धोका म्हणून वर पाठवायचं तर आमच्या नियमपुस्तिकेप्रमाणे मजकुरात तसा हेतू दिसायला हवा. निखिल म्हणाला, की मॅडम, यात तसा एकही शब्द नाही, वरचे लोक परत पाठवतील. मी म्हटलं, "निखिल, हा मुलगा आवराआवर करतोय रे."

तो पुन्हा वाचायला लागला. या वेळी खुर्ची ओढून बसला. मग हळूच म्हणाला, "पुस्तकं कोणीच देत नाही मॅडम. नापास झाला, परीक्षा सोडली, तरी देत नाही. माझी अजून कपाटात आहेत. बायको रोज म्हणते काढा म्हणून."

त्याने तक्रार वर पाठवली. काही मिनिटांत उत्तर आलं, की मजकूर प्रेमळ आहे, धोक्याचं लक्षण नाही, तक्रार बंद करावी. निखिल, जो कधी वरच्या उत्तराला उत्तर देत नसे, त्याने फोन लावला. या परीक्षा म्हणजे काय, एका जागेसाठी किती मुलं, घरी काय सांगून येतात, पुस्तक म्हणजे काय असतं, हे तो पलीकडच्या बाईला इंग्रजीत सांगत होता. मी मध्ये मध्ये आठवण करून देत होते, गोळ्यांचं सांग, मामाचं सांग. शेवटी पलीकडून तिने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? निखिलने माझ्याकडे पाहिलं. खात्री कशाची असणार? नाव माहीत नाही, चेहरा माहीत नाही, हाताशी राखाडी पट्टीखालची एक आई आणि तिचा मुलगा. मी म्हटलं, आहे म्हणून सांग.

अशी तक्रार मान्य झाली, की वरचे लोक आपल्याकडची माहिती इथल्या पोलिसांना कळवतात. आमचं काम तिथे संपतं. पुढे काय झालं ते आम्हाला कधीही कळवलं जात नाही. नियम आहे तो, आणि योग्य नियम आहे. त्या दिवशी मला तो नियम करणाऱ्याला चुलीत घालावंसं वाटलं.

संध्याकाळी बसमधून उतरले ती घरी गेलेच नाही. पेठेतल्या अभ्यासिकांवरून हिंडत राहिले. कुठे पोलिसांची गाडी दिसते का, कुठे गर्दी आहे का, पाहत होते. गर्दी दिसली तर बरं की न दिसली तर बरं, हेही मला कळत नव्हतं. सगळीकडे मुलं खिडक्यांशी वाचत बसली होती, खाली चपलांचे ढीग पडले होते. कोपऱ्यावर हे भेटले. मला शोधायला निघाले होते. कुणाला शोधतेस, असं विचारलं. मी म्हटलं, कुणाला नाही. सांगायची बंदी होती. यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच टोमणा मारला नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्याबरोबर दोन गल्ल्या उगाच चालले. तेव्हा मला रडू आलं.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कुणी 'तुमची आई' म्हणत नव्हतं. प्रत्येक तक्रार उघडताना मला वाटे, हीच ती. मग समोर कुणाच्या तरी मामेभावाच्या लग्नातल्या फोटोवरचं भांडण निघे. वर्तमानपत्रातली शहराची पानं मी तारखेसकट वाचत होते. जे कुलूप मला मनातून पटलं होतं, त्याच कुलुपावर मी आता डोकं आपटत होते. एवढंच समजत होतं, की जे काही पाहायला मिळालं ते कंपनीने दाखवलं नव्हतं, मीही डोकावून मिळवलं नव्हतं. तिने आतून दार उघडून हाक मारली होती. आणि तिच्या हाकेला मी कित्येकदा 'नियमभंग नाही' म्हणून परत पाठवलं होतं.

मग एका सकाळी निखिल स्वतः माझ्या टेबलापाशी आला. एक तक्रार माझ्याकडे वळवली आणि मागे उभा राहिला. कारण 'छळ'. मुलाचा एकच संदेश होता, त्याच दिवशी पहाटेचा.

'आई, मी आतल्या खोलीतच आहे. झोपू दे.'

खालच्या चौकोनात तिने लिहिलं होतं, 'साहेब, पोरगा घरी आला. तुमच्या माणसाईनं आणून सोडला. देव तुमचं भलं करो. आता आमचं वाचत जाऊ नका.'